परसातला आंबा पाडला, मग त्याच्या ओंडक्यांचं काय केलं: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

आमच्या दापोली तालुक्यातल्या घराच्या मागच्या परसात एक जुना रायवळ आंबा होता, तो २४ आणि २५ मे २०२३ ला पाडला. पाडायला दीड दिवस लागला आणि त्याचं लाकूड मार्गी लावायला जवळजवळ दोन वर्षं, त्यातही शेवटचे पाच तुकडे आम्ही चुकीच्या जागी ठेवले म्हणून नारळांना त्रास झाला तो वेगळाच. हे सगळं लिहून ठेवतेय कारण पाडायच्या आधी मी जिथे जिथे विचारलं तिथे परवानगी कशी काढायची आणि कटरवाला किती घेतो एवढंच कळलं, नंतर परसात जो ढीग पडतो त्याच्याबद्दल कोणी काही बोललंच नाही.

आधी झाडाबद्दल. आजोबांनी लावलेलं, म्हणजे आईच्या सासऱ्यांनी, आणि आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्या कैऱ्यांचं लोणचं आणि पिकल्या आंब्यांची साठं घालतेय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतली किती माडं-पोफळी आडवी झाली, हा आंबा उभा राहिला पण स्वयंपाकघराच्या बाजूला कलला आणि पलीकडच्या बाजूची मुळं जमिनीतून वर आली. पुढचे तीन पावसाळे आई पुढच्या खोलीत झोपायची, कौलांवर कधी येईल सांगता येत नव्हतं. त्यात २०२२ मध्ये बुंध्यावर भोकं दिसायला लागली, भोकातून भुसा आणि चिकट डिंकासारखं गळणं, म्हणजे भिरूड लागलेला. आंब्याची बाग असणाऱ्या कोणालाही हा किडा काय चीज आहे ते माहीत आहे, त्याची अळी खोडाच्या आत आडवी-उभी बोगदे करत जाते आणि झाड आतून पोखरून काढते. कललेलं झाड आणि त्यात पोखरलेला बुंधा, मग दादाने आणि मी ठरवलं की आता पाडायचं.

परवानगीबद्दल थोडक्यात. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत सोळा झाडं आहेत, साग, खैर, हिरडा, चिंच, जांभूळ, फणस वगैरे, त्यात आंबा पण आहे, म्हणजे आपल्या मालकीच्या जागेत असला तरी वनखात्याची परवानगी लागते. शहरात, म्हणजे नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत, १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि तिथे वृक्ष प्राधिकरणाकडे जायचं. आम्ही अर्ज केला, पाहणी-पंचनामा झाला, मार्चमध्ये कागद हातात आला. अर्ज करतानाच लाकूड गावाबाहेर न्यायचं झालं तर वाहतूक परवान्याचं काय तेही विचारून घेतलं, हे एक काम आमचं बरोबर झालं, कारण पुढे सॉ मिलला ओंडका न्यायच्या वेळी कागदासाठी धावाधाव झाली नाही.

आणि इथेच पहिली चूक झाली. कागद मार्चमध्ये आला होता, झाडावर कैरी होती, आई म्हणाली, "एवढा शेवटचा हंगाम घेऊ दे गं मला." मला नाही म्हणवलं नाही, आजही म्हणवणार नाही. पण त्या दोन महिन्यांची किंमत काय असते ते तेव्हा कळत नव्हतं. मार्चमध्ये पाडलं असतं तर लाकडाला अडीच-तीन महिने कडक ऊन मिळालं असतं. मेच्या शेवटी पाडल्यावर मृग लागायला मोजून चौदा दिवस राहिले होते.

पहिल्या दिवशी काय झालं

कटरवाले दादा दोन माणसं घेऊन आले, दोरखंड, चेन सॉ, कोयते. त्यांनी आधीच विचारलं होतं की लाकूड मला दिलंत तर मजुरी घेत नाही. आईने साफ नाही सांगितलं, सासऱ्यांच्या हातचं झाड आहे, सगळंच्या सगळं बाहेर जाऊ देणार नाही. म्हणून मजुरी ठरली, चौदा हजार. पाडायच्या आधी आईने बुंध्याशी नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं, आणि मग ती जी घरात गेली ती संध्याकाळपर्यंत मागच्या दाराला आलीच नाही.

फांद्या उतरवून झाल्यावर त्यांनी वरून खाली खोडाचे तुकडे करायला घेतले, दोन-दोन फुटांचे. दोन माणसांना ढकलता येईल असा तुकडा, त्यांच्या दृष्टीने अगदी बरोबर. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला हे सुचलंही नाही की कापायची लांबी आपण सांगायची असते. अकरा गोल तुकडे पडल्यावर शेजारच्या वाडीतले सुतारकाका सहज बघायला आले आणि तिथूनच ओरडले, "अहो थांबा थांबा, ताई, फळ्या नकोत का तुम्हाला? दोन फुटांच्या तुकड्याची फळी घेऊन काय करणार, पोळपाट?" तेव्हा खालचं नऊ फूट खोड उभं होतं. काकांनी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून बघितलं, खालच्या तीन फुटांचा आवाज बद्द, म्हणजे भिरूडाने पोकळ केलेला, त्याच्या वरचे सहा फूट मात्र खणखणीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो सहा फुटी तुकडा अख्खा काढला. काका आले नसते तर तोही गेला असता.

म्हणून मी आता सगळ्यांना हेच सांगते की कटरवाल्याशी पैशाची बोलणी करताना त्याच दमात लांबीचीही करा. फळ्या हव्या असतील तर सहा-सात फूट, चुलीसाठी हवं असेल तर थेट एक ते सव्वा फूट, कारण मशीन तिथे चालूच असतं, आणखी एक काप मारायला त्यांना मिनिट लागतं आणि नंतर तुम्हाला हाताने करायला अर्धा दिवस. दोन फूट ही सगळ्यात वाईट लांबी, फळीला तोकडी आणि चुलीला लांब.

काय काय हाताशी होतं

२५ तारखेला दुपारी माणसं गेली आणि विहिरीकडे जायची वाट बंद झाली होती. संध्याकाळी बसून वहीत लिहिलं: एक सहा फुटी ओंडका, खालचा तीन फुटांचा पोखरलेला भाग, अकरा दोन फुटी गोल तुकडे, मांडीएवढ्या जाड फांद्यांचे साधारण चाळीस तुकडे, बारीक काटक्या आणि पाला मिळून डोक्याएवढा उंच ढीग, आणि जमिनीवर चेन सॉचा भुसा.

सहा फुटी ओंडक्याचं माप कसं काढतात ते सांगते कारण व्यापाऱ्याशी बोलताना ते लागतं. मध्यावर दोरीने घेर मोजायचा, आमचा ८४ इंच आला. त्याचा चौथा हिस्सा २१, त्याचा वर्ग ४४१, गुणिले लांबी ६ फूट, भागिले १४४, म्हणजे १८.४ घनफूट. वखारीत ह्याच हिशोबाने बोलतात. पण ओंडका गोल आहे, त्याचं खरं घनफळ काढलं तर २३.४ घनफूट येतं, म्हणजे वखारीच्या मापात साधारण एकवीस-बावीस टक्के कमी धरलं जातं, चिरताना कडेचं वाया जातं म्हणून. ह्यात फसवणूक काही नाही, पद्धतच तशी आहे, पण आपल्याला माहीत असलं की भाव ऐकताना गोंधळ होत नाही. ओल्या आंब्याचा तेवढा ओंडका सहाशे किलोच्या वर भरतो, त्यामुळे "दोघं मिळून उचलू" असलं काही डोक्यात आणू नका.

एक लाकूडवाला येऊन सगळ्या ढिगाचा मिळून भाव सांगून गेला, मजुरीच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. आंब्याचं लाकूड म्हणजे पेट्या, खोकी आणि जळण, त्याला सागाचा भाव मिळत नाही. आईला विकायचंच नव्हतं, पण मी प्रामाणिकपणे सांगते, घरात लाकूड फोडणारं माणूस नसेल आणि पाऊस तोंडावर असेल तर जो येईल त्याला फुकट देऊन परस मोकळं करणं हा वाईट सौदा नाही. आपण स्वतः पावसाच्या आधी जेवढं फोडू शकतो तेवढंच ठेवायचं.

सगळ्यात आधी भिरूडाचे तुकडे

हे मला दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्या मावसभावाने फोनवर सांगितलं आणि ते ऐकलं म्हणून आमची कलमं वाचली असं मी मानते. झाड पाडलं म्हणजे भिरूड मेला असं होत नाही. अळी ओंडक्याच्या आत जिवंत असते, तिथेच खात राहते, तिथेच कोष करते आणि पावसाळ्यात भुंगा होऊन बाहेर पडतो, आणि आमची पाच हापूसची कलमं तिथून तीस फुटांवर. म्हणजे तो पोखरलेला बुंधा नुसता परसात ठेवला असता तर आम्ही हाताने कलमांना कीड लावली असती.

म्हणून २६ ते २८ मे तीन दिवस फक्त पोखरलेला तीन फुटी भाग आणि भोकं दिसत होती ते तीन गोल तुकडे फोडले. गावातला एक तरुण मजुरीने घेतला, मी आणि दादा मदतीला. आत बोटाएवढी जाड, पिवळट पांढऱ्या रंगाच्या अळ्या, काही तीन-साडेतीन इंच लांब, एका तुकड्यात चार सापडल्या. शेजारच्या वहिनींच्या कोंबड्यांनी त्या संपवल्या. फोडलेल्या ढलप्या परसात न ठेवता पुढच्या खळ्यावर उन्हात पसरल्या आणि पहिल्या पावसाच्या आधी जाळायला तेच लाकूड घेतलं. बोगद्यांमुळे ते पटकन वाळतं पण. कलमांच्या बुंध्यांवर मावसभावाने पुढच्या वर्षभर लक्ष ठेवायला सांगितलं, ताजा भुसा दिसला तर तारेचा आकडा घालून अळी काढायची आणि भोक बुजवायचं. एका कलमावर डिसेंबरात भुसा दिसला, अळी तारेनेच निघाली. ती ह्याच आंब्यातून आली की आधीचीच होती कोण सांगणार.

फोडणं, रचणं, आणि ताडपत्रीची चूक

उरलेले आठ गोल तुकडे आणि जाड फांद्या. आंबा फोडायला सोपा नाही, त्याचे धागे एकमेकांत वळलेले असतात, सरळ उभी चीर जात नाही आणि गाठ आली की कुऱ्हाड अडकून बसते. सुरुवातीला आम्ही प्रत्येक तुकड्याच्या बरोब्बर मध्यभागी घाव घालत होतो आणि दमून जात होतो. सुतारकाकांनी दाखवलं की एवढ्या घेराच्या तुकड्याला मधून हात लावायचाच नाही, कडेने सुरुवात करायची, साल असलेल्या बाजूने चार-चार बोटांच्या ढलप्या काढत आत जायचं, आणि उन्हाने तोंडावर जिथे केसासारखी चीर पडलेली असेल तिथेच पाचर लावून घण मारायचा. त्यानंतर एक तुकडा पाऊण तासात व्हायला लागला. ओलं असतानाच फोडायचं हेही तेव्हाच कळलं, वाळल्यावर आंबा आणखी चिवट होतो, आणि अख्खा ओंडका सालीसकट ठेवला तर आतलं पाणी निघायला जागाच मिळत नाही, साल त्याला पिशवीसारखी धरून ठेवते.

तीन तुकडे फोडून झाले, पाच राहिले. हे पाच लक्षात ठेवा, पुढे येतील.

त्या वर्षी नशिबाने साथ दिली. पाऊस केरळातच ८ जूनला आला, तळकोकणात ११ ला पोचला आणि अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळाच्या दिवसांत पुढे सरकेना. आमच्याकडे दोन सरी पडून गायब झाला आणि खरा लागला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दोन वाढीव आठवड्यांमुळे बारीक लाकूड कडक वाळलं. दरवर्षी असं होणार नाही.

रचताना जांभ्याचे चिरे खाली लावले, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच, नाहीतर आमच्या मातीत वाळवी आठ दिवसांत चढते. न्हाणीघराच्या भिंतीपासूनही हातभर लांब रचलं, भिंतीला टेकवलं की भिंत ओल धरते आणि वाळवीला घरात जायला जिना मिळतो. एक थर उभा एक आडवा, मधे हवा जाईल असा. इथपर्यंत सगळं बरोबर. मग पाऊस लागला तेव्हा मी घाबरून अख्खा ढीग वरून खालपर्यंत ताडपत्रीत गुंडाळला, दोरीने आवळून, आणि पुण्याला निघून आले. जुलैच्या मध्याला गेले तर आत पांढरी बुरशी, हाताला ओलं लागतंय, वास येतोय. पावसाचं पाणी आत गेलंच नव्हतं, लाकडातलंच पाणी बाहेर येऊन आत कोंडलं होतं. ताडपत्री काढली, फक्त वरच्या बाजूला दोन जुने पत्रे चिऱ्याने दाबून ठेवले, चारी बाजू उघड्या. कडेच्या लाकडांवर झड यायची पण दोन तास वारा लागला की सुकायचं. ऑगस्टपर्यंत बुरशीचा वास गेला. दिवाळीत आईच्या न्हाणीच्या चुलीत ते लाकूड न धुमसता जळायला लागलं, त्याच्या आधी घातलं तर नुसता धूर आणि टोकातून फेस.

लाकडाच्या ढिगाबद्दल एक कळकळीने सांगायचंय. आमच्याकडे फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत आणि दोघांनाही अशी जागा आवडते. कोकणातला तांबडा विंचू चावला की पूर्वी माणसं जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन गोळीचा उपचार शोधून दाखवला तेव्हापासून चित्र बदललं, पण म्हणून ढिगात हात घालायला जाऊ नये. आम्ही ढीग मागच्या दारापासून वीस पावलं लांब ठेवला, शेजारी एक काठी कायमची, आधी काठीने ठोकायचं, वरचं लाकूड आपल्याकडे ओढून घ्यायचं, फटीत बोटं घालायची नाहीत, आणि अंधार पडल्यावर लाकूड आणायला जायचंच नाही. आईला हे मी इतक्या वेळा सांगितलं की ती आता मलाच सांगते.

पाला, काटक्या, भुसा

हे पटकन संपलं. काटक्या आणि पाला शेजारच्यांनी भाताच्या रोपवाटिकेच्या राबासाठी, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून जमीन भाजतात त्यासाठी नेला, राब भाजायची वेळ तशी संपत आलेली पण त्यांची एक खाचर राहिली होती. उरलेला पाला पोफळींच्या आळ्यात आच्छादन म्हणून. चेन सॉचा भुसा मी उत्साहाने आईच्या भाजीच्या वाफ्यात टाकला आणि मिरचीची रोपं पिवळी पडली, कारण ताजा लाकडी भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. शेणखताबरोबर वर्षभर कुजवून मगच घालायचा. शिवाय त्यात मशीनच्या चेनचं तेल असतं, म्हणून गोठ्यात पसरायला मागत होते त्यांना मी तो दिला नाही.

सहा फुटी ओंडका

ओंडका काढला त्याच संध्याकाळी सुतारकाकांनी घरातला जुना ऑइल पेंट मागितला आणि ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना दोन हात मारले. कारण पाणी तोंडातून सगळ्यात जोरात निघतं, तिथे लाकूड आधी आकसतं आणि चिरा आत जातात, चांगली फळीसुद्धा टोकाकडून फुटभर वाया जाते. रंग नसेल तर मेण, शेण-मातीसुद्धा चालते असं ते म्हणाले. मग साल सोलली, कारण सालीखाली किडा राहतो.

१ जूनला सहा माणसं, दोन पहारी, पोफळीचे रूळ आणि एक पिकअप, असा ओंडका सॉ मिलला गेला. निघायच्या आधी आईने आठवण करून दिली म्हणून वाचलो: "अगं त्याला झोपाळ्याचा आकडा होता ना, तुम्ही लहान असताना?" आकडा फांदीत होता पण दोरीसाठी बुंध्यात दोन मोठे खिळे मारलेले, त्यांच्यावर साल चढून ते दिसेनासे झाले होते. मिलवाल्यांना आधी सांगितलं, त्यांनी चुंबक फिरवून जागा शोधली आणि तेवढी कड वेगळी काढली. खिळा पात्याला लागला असता तर पात्याचे दात गेले असते आणि माणसालाही लागू शकतं. घराजवळच्या झाडात खिळे, तारा, कपडे वाळत घालायच्या दोरीचे हूक असणारच, मिलला न्यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

दीड इंची फळ्या चिरून घेतल्या, वखारीच्या मापाने १८ घनफुटांतून हाताला दहाच्या आसपास चांगलं लाकूड लागलं. त्याच दिवशी संध्याकाळी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने सगळ्या बाजूंनी लावलं, आंब्याला भुंगा फार लवकर लागतो, वाळलेल्या फळीवरसुद्धा टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. मग पडवीत, सावलीत, दर दीड फुटावर एकाच जाडीच्या पट्ट्या ठेवून फळ्या रचल्या, पट्टीवर बरोबर पट्टी, आणि सगळ्यात वर चार चिरे. तरीही चार फळ्यांवर काळे-निळे डाग आले. काका म्हणाले हे दमट दिवसांत कापलं की होतंच, ताकद कमी होत नाही पण दिसायला जातं. मार्चमध्ये कापलं असतं तर हे टळलं असतं असं मला वाटतं.

वाळलं कधी ते कसं ओळखायचं? काकांची युक्ती मला फार आवडली. त्याच फळीचा वीतभर तुकडा कापून फळ्यांच्या बरोबरच ठेवला आणि आई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहायची. पहिल्या महिन्यात भराभर उतरलं, मग २०२३ च्या पावसाळ्यात जवळजवळ थांबलं, थंडीत परत उतरलं, आणि २०२४ च्या मार्च, एप्रिल, मे तिन्ही महिन्यांत आकडा एकच आला. तेव्हा काका म्हणाले आता हात लावतो.

ते पाच तुकडे

आता ते राहिलेले पाच. जूनमध्ये फोडायची ताकद नव्हती, मजूर लावणीला गेलेला, म्हणून "नंतर बघू" म्हणून आम्ही ते घरंगळवत माडांच्या खाली नेले, बसायला बरे म्हणून. दोन पावसाळे तिथेच. २०२४ च्या ऑक्टोबरात दादाने पाहिलं की दोन माडांच्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी कातरलेल्या. हे गेंड्या भुंग्याचं लक्षण, तो शेंड्यातलं कोवळं पान गुंडाळलेलं असतानाच कुरतडतो आणि पान उलगडलं की नक्षी दिसते. आम्ही शेणखताचा खड्डा तपासला, तिथे फारसं काही नाही. मग एक ओंडका उलटा केला. खालची बाजू चहाच्या चोथ्यासारखी झाली होती आणि त्यात इंग्रजी सीसारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या, पाचही तुकड्यांत मिळून तीसच्या वर मोजल्या. कुजतं लाकूड हे त्या भुंग्याचं बाळंतघर असतं, आणि आम्ही ते माडाच्या मुळाशी नेऊन ठेवलं होतं.

अळ्या वेचून मारल्या, कुजलेला भाग उन्हात पसरून जाळला, खताच्या खड्ड्यात मेटारायझियम, म्हणजे अळ्यांना मारणारी बुरशी, टाकलं, माडाच्या शेंड्यात चढून भुंगे आकड्याने काढणारा माणूस बोलावला. दोन्ही माड वाचले, एकाचा पुढच्या वर्षीचा बार कमी आला. ह्या पाच तुकड्यांसाठी नंतर जो खर्च झाला त्यात दोन मजूर दोन दिवस लावून ते जूनमध्येच फोडून झाले असते.

खुंटाबद्दल. मीठ घाला, अॅसिड घाला, असे सल्ले खूप आले. विहीर तिथून वीस फुटांवर आहे म्हणून आम्ही काहीच घातलं नाही. जमिनीलगत कापून ठेवलाय, दर थंडीत कुजलेली कड पहारीने काढून अळ्या बघतो.

फोडलेलं लाकूड कुठे गेलं

जास्तीत जास्त आईच्या न्हाणीच्या चुलीत, वर्षभराहून जास्त पुरलं. थोडं शिमग्याला वाडीच्या होळीत. आणि २०२४ च्या जानेवारीत वाडीतले एक आजोबा गेले तेव्हा रात्री दहाला दोन मुलं हातगाडी घेऊन आली. आमच्याकडे मयताला प्रत्येक घरातून लाकूड जातं, पैसे कोणी विचारत नाही कोणी सांगत नाही. एका अंत्यविधीला तीनशे-चारशे किलो लागतं आणि ते वाळलेलं असावं लागतं, ओलं असलं तर माणसांना रात्रभर तिथे बसावं लागतं. आईने पत्रा बाजूला करून स्वतः काढून दिलं, सगळ्यात वरचं, सगळ्यात कोरडं. आजोबा लहानपणी ह्याच आंब्यावर दगड मारायचे असं ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. लाकूड विकलं असतं तर चार पैसे आले असते पण त्या रात्री देता आलं नसतं, आणि मला आजही वाटतं की आईचं ते "सगळं बाहेर जाऊ देणार नाही" बरोबर होतं.

फळ्यांचा काकांनी पडवीसाठी साडेपाच फुटी बाक केला, चार पाट केले, आणि डाग पडलेल्या फळ्यांतून लोणच्याच्या बरण्या ठेवायची मांडणी. तीन चांगल्या फळ्या अजून माळ्यावर आहेत. दादाला त्यांचा न्हाणीघराचा दरवाजा करायचाय, आईला अजून एक बाक. सुतारकाकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकी, आंबा पाण्याला टिकत नाही, दोन पावसाळ्यात खालून सुटेल. दरवाजाला फणस आणा, मी करून देतो. हा घरातच राहू दे."